पापणीबाहेरचं पाणी

"रडू नका हो ताई," साहेबांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. "शांत व्हा. आपण पुढच्या महिन्यात बसू."

बायांच्या वतीनं बोलायला आलेल्या ताईंनी डबा परत सरकवला. मागच्या बैठकीतही हेच झालं होतं. त्यांच्या उजव्या गालावर पाणी ओघळलं, साहेब हळवे झाले आणि बैठक आटोपली. रुग्णालयाच्या धुलाई विभागात इस्त्री करणाऱ्या बायांना वाफ बाहेर ओढणारा पंखा मिळाला नाही. त्यानंतर दोघी टेबलापाशीच भोवळ येऊन पडल्या. या खेपेला दुसरीला पाठवा, असा बायांमध्ये सूर निघाला होता. "साहेबांपुढं टिपं गाळणारी काय भांडणार?" त्यांच्यातली बारकी तर तोंडावरच म्हणाली होती.

"मी रडत नाहीये," ताई म्हणाल्या. "पापणी गळतेय."

"म्हणजे?"

"पापण्या डोळ्यांवर उतरल्या होत्या, म्हणून फार वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं. तेव्हा अश्रूंच्या ग्रंथीला इजा झाली. आता जुन्या व्रणाला भोक पडलंय. डोळ्यात जायचं पाणी बाहेर येतंय. डॉक्टर ती वाट आत वळवणार आहेत."

"असं कुठं असतं?"

"या की इकडं. बघा."

साहेब चष्मा सावरत वाकले. व्रणाच्या टोकाला टाचणीनं टोचल्याएवढं छिद्र होतं. त्यातून थेंब फुगला आणि गालावर घसरला. खालचा डोळा कोरडा ठाक होता आणि त्यांच्याकडे रोखून पाहत होता.

साहेब खुर्चीत परतले.

"पटलं?"

"पटलं."

"मग आता पंख्याचं बोला."

"वरती विचारून बघतो..."

"तेही मागच्या वेळी म्हणालात. तिसरी पडायची वाट बघताय का? एक दुपार या आमच्यात इस्त्रीला. तुम्हाला सोप्या चादरी देऊ."

साहेबांना हसू आलं. ताईंना आलं नाही. पाणी हनुवटीपर्यंत गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. थोड्या वेळानं साहेबांनीच नजर वळवली आणि फोन उचलला.

"इस्त्री विभागाला दोन पंखे. याच आठवड्यात. हो, माझ्या सहीनं."

बाहेर बाया दाराशी खोळंबल्या होत्या. ओला गाल दिसताच त्यांचे चेहरे पडले. बारकीनं कपाळावर हात मारला.

"झालं! आली रडून!"

"दोन पंखे," ताई म्हणाल्या. "एक मागितला होता."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग एकच गलका उठला. ताई ओल्या गालानंच इस्त्री विभागाकडे निघाल्या, तशी बारकी आधी बाजूला झाली आणि तिच्यामागे सगळ्यांनी वाट दिली.