पावणेसात फुटांवरून चंद्र

रॉकेटचा सिनेमा चार वर्षं कसा सुतासारखा सरळ चालला होता. मग एका सोमवारी सकाळी त्याच्या हाताखालच्या पोरीने, पट्टीने विचारलं, "सर, लहानपणी तुम्ही पावणेसात फूट उंच होतात का हो?"

रॉकेट म्हणजे बासष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, गुडघे कुरकुरणारा चित्रकार. खुर्चीतून उठला की गुडघ्यांचा असा आवाज व्हायचा, की खालच्या मजल्यावरचा दुकानदार दार कोण वाजवतंय म्हणून बघायला यायचा. रॉकेट हे नाव त्याला सातव्या वर्षी पडलं. तेव्हा साऱ्या जगाला चंद्राचं वेड लागलं होतं आणि हा डोक्यात पातेलं घालून जिन्यावरून उड्या मारायचा. एकदा पातेलं असं अडकलं, की काढायला सहा माणसं आणि किलोभर लोणी लागलं. निदान त्याची आई तरी तसं सांगायची. कधी सहा माणसं, कधी अकरा. लोणी मात्र किलोभरच.

सिनेमा त्याच वर्षावर होता. सगळा हाताने काढलेला. आता कॅमेऱ्याने सिनेमा काढला, तर खोलीतल्या वस्तू फुकटात येतात. इथे चप्पल हवी असेल तर चप्पल काढावी लागते, तिचा तुटलेला अंगठाही काढावा लागतो. कोण कुठे बसलं, खिडकी कुठल्या अंगाला, सगळं कुणीतरी ठरवायचं. ते ठरवून रेघा मारायचं काम पट्टीचं. पोरगी पंचविशीतली, पण अंबाड्यात कायम लाकडी पट्टी खुपसलेली, आणि नजर अशी, की भिंत केसभर कलली तरी हिचं पोट दुखायचं.

"पावणेसात फूट?" रॉकेट म्हणाला. "मी आजही साडेपाचच आहे."

"मग हे बघा." पट्टीने भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे बोट केलं.

ते चित्र रॉकेटने स्वतः काढलं होतं, डोळे मिटून, आठवेल तसं. माणूस चंद्रावर उतरला ते टीव्हीवर दाखवलं ती दुपार. बाहेरच्या खोलीत भाड्याने आणलेला टीव्ही, समोर दाटीवाटीने बसलेलं शेजारपाजार, पडद्यावर धुरकट काहीतरी हलतंय. 'मुलाच्या डोळ्यांना दिसलं तसं', असं खाली लिहिलेलं.

पट्टीने टेबलाच्या कडेवर एक दोरा ताणला, कपाटाच्या कडेवर दुसरा, खिडकीच्या चौकटीवर तिसरा. तिन्ही दोरे भिंतीवर एका ठिकाणी मिळाले.

"दोरे मिळतात त्या उंचीवर बघणाऱ्याचे डोळे. मी तीनदा मोजलं. कपाटाचा माथा दिसतोय, सर. माथ्यावरची धूळसुद्धा काढलीत तुम्ही. सात वर्षांच्या मुलाला कपाटाच्या माथ्यावरची धूळ कशी दिसेल? आणि पुढच्याच चित्रात तुम्ही वडिलांच्या मांडीवर बसलाय. एकाच वेळी मांडीवर आणि छताजवळ?"

रॉकेटला घाम फुटला. त्याचं कारण असं, की वडील पुढच्याच वर्षी गेले. ते टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायचे. सकाळी हा उठायच्या आधी बाहेर, हा झोपल्यावर घरी. रॉकेटकडे त्यांची म्हणावी अशी एकच आठवण होती. त्या दुपारी तो त्यांच्या मांडीवर बसला होता. सगळा सिनेमा त्या मांडीवर उभा होता. आणि शुक्रवारी हे दृश्य रंगवायला जायचं होतं. निर्मातीबाईंनी बजावलं होतं, "एकदा रंगात गेलं की देव खाली उतरला तरी बदल नाही."

त्याने ताईला फोन लावला. ताई सहा वर्षांनी मोठी. शिक्षिकेची नोकरी सोडून आठ वर्षं झाली, तरी अजून फोनवर हजेरी घेतल्यासारखी बोलायची.

"ताई, चंद्रावर माणूस उतरला तेव्हा मी कुठे होतो?"

"कुठे म्हणजे? आतल्या खोलीत. कांजिण्या झाल्या होत्या तुला. शेजारच्यांची पोरं येणार म्हणून आईने दार लावून घेतलं होतं."

"मी बाबांच्या मांडीवर नव्हतो?"

"अंगभर फोड घेऊन? चार लोकांत? डोकं ठिकाणावर आहे का रे तुझं?"

"मग मला टीव्ही दिसला कसा?"

"दाराच्या वर ती काचेची झडप होती ना, वारा यायला? तिथून बघितलं असशील."

"मी सात वर्षांचा! त्या उंचीवर पोचलो कसा?"

"ते तुझं तू बघ. रॉकेट तू आहेस."

फोन ठेवला तेव्हा पट्टी चित्राला नाक लावून उभी होती. "सर, खाली मधोमध हे काय?"

चित्राच्या अगदी तळाशी, मधोमध, एक गोल गुळगुळीत फुगवटा होता. रॉकेट पहिल्यापासून तो काढत आला होता. तिथे काहीतरी गोल होतं एवढं त्याला पक्कं आठवायचं. काय होतं ते आठवायचं नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून तो टेबलावरचा दिवा ठरवला होता. तीन महिने चौघं जण त्या दिव्यावर काम करत होते. एकाने त्याला मंद प्रकाश दिला, दुसरीने वायर दिली.

"दिव्याला दोन्ही बाजूंनी हे दोन कान का आहेत?"

"कान नाहीत, मुठी आहेत. दिवा उचलायच्या," रॉकेट म्हणाला. म्हणता म्हणताच त्याची बोटं आपोआप वळली. हातात काहीतरी ऊबदार, मऊ, जरा लवचीक. मुठी नव्हेत. कानच.

"अहो, टक्कल आहे हे!" पट्टी ओरडली. "तुम्ही कुणाच्या तरी खांद्यावर बसलाय, सर! सहा फुटी माणूस, खांदा पाच फुटांवर, वर तुम्ही बसलेले. पावणेसात! बरोब्बर बसलं!"

रॉकेटचा जीव भांड्यात पडला. बाबा सहा फुटी होते. मांडी गेली, खांदा तर आला! त्याने आनंदाने पुन्हा ताईला फोन लावला.

"टक्कल?" ताई म्हणाली. "बाबांना? कंगव्याचे दात मोडायचे त्यांच्या केसांत. फोटो बघ की."

फोटो एकच होता. त्यात खरंच केसांचं जंगल. रॉकेटने फोटो पालथा ठेवला. मग ज्याचे कान धरून आपण चंद्र पाहिला, तो माणूस कोण? टकले म्हणजे शेजारचे शिंपीकाका. पण ते इतके बुटके, की स्वतःच शिवणयंत्राच्या मागे दिसायचे नाहीत. लोकांना वाटायचं, यंत्र आपोआप चालतंय.

मंगळवार त्याने डोकं धरून काढला. बुधवारी आईकडे गेला.

आई अठ्ठ्याऐंशीची. खिडकीपाशी बसून, भिंगाने जुन्या मासिकातलं कोडं सोडवत होती. अडलं की ती कोड्याचे चौकोनच बदलायची.

"आई, खरं सांग. मी बाबांच्या मांडीवर बसलो होतो का नव्हतो?"

"कधी?"

"चंद्राच्या दिवशी! तूच सांगितलंस मला. शंभर वेळा."

आईने भिंग खाली ठेवलं. "तू विचारायचास म्हणून सांगितलं. बाबा गेल्यावर रोज विचारायचास. आई, मी कुठे बसलो होतो, मी कुठे बसलो होतो. कुठेतरी बसवायला नको का पोराला? बसवलं मांडीवर."

"म्हणजे थाप?"

"थाप काय म्हणतोस! चार वर्षं तू चित्रं काढतोयस, ते काय आहे मग?"

रॉकेटने हळूच विचारलं, "आणि खांद्यावर कुणी घेतलं होतं?"

"बाबांनीच. आणखी कोण घेणार? कांजिण्यांत तुझ्या डोक्यात इतके फोड, की न्हाव्याला बोलवून डोकं भादरलं. तू असा टाहो फोडलास, की तीन गल्ल्यांतली कुत्री रडायला लागली. मग बाबा बसले न्हाव्यापुढे. म्हणाले, माझंही कर. गप्पच बसलास."

रॉकेटचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावरून फिरला.

"मग त्या टकलावर त्यांनी काजळाने खड्डे काढून घेतले," आई पुढे म्हणाली. "चंद्रासारखे. तू तिथे झेंडा लावलास. काडीचा."

"आई."

"काय?"

"झेंडा लावला?"

"बरं, झेंडा नसेल."

"आणि खड्डे?"

आईने भिंग उचललं. "सगळंच मलाच विचारणार का? तू तर वर बसला होतास."

बाहेर येऊन रॉकेट जिन्यावर थबकला. झेंडा खोटा. खड्डे बहुतेक खोटे. मग टक्कल? न्हावी? तीन गल्ल्यांतली कुत्री सोडून देऊ. पण ज्या बाईने किलोभर लोणी वर्षानुवर्षं खपवलं, तिच्या कथेतून नेमका कुठला भाग उचलायचा? घरी जाऊन त्याने आरशासमोर स्वतःचे कान धरून बघितले. काही कळलं नाही. उलट बायकोने विचारलं, "शिक्षा कशाची भोगताय?"

शुक्रवारी सकाळी पट्टीने दोन चित्रं समोर ठेवली. एकात दिवा, एकात टक्कल. "सर, कुठलं पाठवू? निर्मातीबाईंचे तीन फोन झाले."

"थांब." रॉकेटने रबर घेतलं, त्यापुढचं चित्र ओढलं आणि आधी मांडीवरच्या मुलाला पुसलं. मग खोलीतली मांडी रिकामी दिसायला लागली. बाबा आत असतील तर बाहेर कसे असतील? त्याने बाबांनाही पुसलं. कोचाच्या मधोमध मोठी जागा मोकळी झाली. चंद्र बघायला सगळी गल्ली जमलीय आणि घरच्या धन्याची जागाच रिकामी. ते चित्र फारच विचित्र दिसत होतं.

तेवढ्यात ताई आली. दोन दिवसांत भावाचे अकरा फोन आले, म्हणून हा ठार वेडा झालाय का ते बघायला आली होती. पर्स टेबलावर आपटून ती बोलणार, तोच तिचं लक्ष चित्राकडे गेलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हो की. ही जागा मोकळी होती."

"काय?"

"कोचावर बाबांच्या जागी मी बसले होते. पाय पसरून! एरवी त्या जागेकडे बघायची टाप नव्हती कुणाची. त्या दिवशी मला वाटलं, मी राणी आहे. मला तर चंद्रापेक्षा तो कोचच जास्त आठवतोय." ती पुढे झाली आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पण मग बाबा... बाबा कुठे होते रे?"

रॉकेटने टकलाचं चित्र उचलून तिच्यासमोर धरलं. झडप, झडपेतून टीव्ही, खाली दोन कान.

ताईने चित्र हातात घेतलं. "टक्कल मला नाही आठवत," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार आठवतंय म्हणून." मग तिने झडपेवर बोट ठेवलं. "पण झडप तर तुझ्या डोळ्यांसमोर. त्यांना काय दिसत होतं?"

पट्टीने अंबाड्यातली पट्टी काढून माप घेतलं. "त्यांचे डोळे साडेपाच फुटांवर. समोर बंद दार. त्यांना काहीच दिसत नव्हतं."

"म्हणजे बाबांनी चंद्र बघितलाच नाही?"

फोन वाजला. निर्मातीबाईच होत्या. रॉकेट म्हणाला, "बाई, तीन दिवस द्या. एक चित्र राहिलंय. नाही, चंद्राचं नाही. दाराचं. हो, नुसतं बंद दार. अगदी जवळून. माणूस उतरेपर्यंत तेच दिसायला हवं." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. रॉकेटने फोन कानापासून लांब धरला, पेन्सिल उचलली आणि ताईकडे वळला.

"दाराचा रंग कोणता होता गं?"

"हिरवा."

"तपकिरी होता."

"हिरवा रे! मला विचारतोस आणि वर—"

"ताई, मी त्या दारामागे आठ दिवस काढलेत. तपकिरी!"

"आतून तपकिरी असेल," ताई म्हणाली. पण आता तिलाही खात्री वाटत नव्हती.