बटण बंद म्हणजे बंद

मिस्त्रींना एकच गोष्ट सहन होत नसे: त्यांच्या कामात कुणी खोट काढलेली. चाळीस वर्षं वायरिंग केलं, घरोघरी त्यांच्या हातचे दिवे. आता गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून स्टुलावर चढणं बंद झालं, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. त्यात एकुलती एक लेकही वायरमन झालेली. मग काय विचारता!

त्या दुपारी लेक आतल्या खोलीतला तडकलेला होल्डर बदलायला आली. स्टूल मांडलं आणि मेन स्विच पाडायला निघाली.

"मेन कशाला?" मिस्त्री खुर्चीतून गुरगुरले. "आईचं मशीन चालू आहे, कपडे अर्धे धुवून झालेत. बटण बंद कर की."

"आधी मेन पाडायचा, मग टेस्टर लावायचा. तुम्हीच शिकवलंय ना?"

"ते लोकांच्या घरात! ही खोली मी स्वतः केलीय. माझं बटण बंद म्हणजे बंद."

लेकीने कपाळाला हात लावला, पण बापाचा शब्द मोडला नाही. बटण बंद करून वर चढली. होल्डर उघडला, तारेला बोट लागलं मात्र, "आई गं!" म्हणत जी उडाली, ती खाली वाळलेल्या चादरींच्या ढिगात येऊन आपटली.

मिस्त्री ताडकन उठले. गुडघे विसरून ते धावले. "लागलं का गं? बोटं हलव. हलव बघू!"

"हलतायत हो. नुसता झटका बसला," लेक हसत म्हणाली. मग उठून गुपचूप मेन पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि पुन्हा वर चढली. "बाबा, लाल तार सरळ होल्डरला, आणि काळी बटणात! चक्क उलटं जोडलंय, म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये वीज आहेच. हा कुणाचा प्रताप?"

मिस्त्रींच्या ओठांवर खोटं तयार होतं. तेव्हा एक मदतनीस होता, फार धांदरट होता, असं म्हटलं की सुटले! ही पोरगी जगभर सांगत फिरायची, बाबांच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. तिच्या नजरेतून उतरायचं म्हणजे जिवावरच आलं त्यांच्या. पण ती झटका बसलेलं बोट फुंकत उभी होती. त्या बोटासमोर खोटं बोलवेना.

"मीच केलं," ते म्हणाले. "मला लाल आणि काळा वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही."

"अहो, मशीन का बंद पडलं?" विचारत आई दारात आली होती. तिने शेवटचं वाक्य ऐकलं आणि पदराला हात पुसले.

"सांगितलंत एकदाचं! अगं, रोज सकाळी मीच पिशव्या भरून द्यायचे. लाल गुंडाळी एका पिशवीत, काळी दुसरीत. कामावर गेले की हे आधी लाल तारेच्या टोकाला गाठ मारायचे. कुणाला पत्ता लागला नाही."

"मग ही खोली?"

"तेव्हा मी दवाखान्यात होते, तुझ्या वेळेला. आणि यांना घाई, बाळ अंधारात यायला नको. दिवा लागला, तसे पळत आले तुला बघायला."

मिस्त्री पुन्हा खुर्चीत बसले. फरशीकडे बघत राहिले. आता ही हसेल, नाहीतर म्हणेल, सगळं घर उपटून नव्याने करते. काहीही म्हणाली तरी ऐकून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

लेकीने स्टूल दाराशी सरकवलं, चढून तारांच्या जोडाची डबी उघडली आणि दोन्ही तारा सोडवल्या.

"बाबा, तिकडे काय बसलात? इथे या जवळ. लाल माझ्या उजव्या हातात आहे, काळी डाव्या. बोला, कोणती कुठे?"

मिस्त्री उठले. ते भिंत धरत धरत स्टुलापाशी गेले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"उजवी बटणाकडे ने," ते म्हणाले. "आणि पीळ नीट दे. ढिला जोड मला खपत नाही."

"हो, बाबा."