चारशे ऐंशी तास

"रजा? ऐन जुलैत?" चीफ स्टकीनं अर्ज लॉनीच्या ताटाशेजारी टाकला. "माणसं कुठायत माझ्याकडे?"

अग्निशमन केंद्राच्या टेबलावर आम्ही सहाजण जेवत होतो. लॉनी क्रेट्झरनं चमचा खाली ठेवला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यानं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"चारच दिवस, चीफ. माझ्या बायकोची, लोरेटाची नजर चाललीय. हिवाळ्यापर्यंत काही दिसणार नाही म्हणतात. तिनं समुद्र पाहिला नाही अजून."

"पुढच्या महिन्यात बघू."

"त्याची पाळी मी करतो," मी म्हणालो. "फुकट करतो."

"अदलाबदल बंद केलीय, डेल. जेव तू."

आमचं शहर जादा कामाचे पैसे देत नाही. एका तासाला दीड तास रजा मांडतं. ऐकायला गोड, पण ती द्यायची की नाही हे चीफच्या मर्जीवर. म्हणजे बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी! कुणीही आजारी पडलं की त्याच्या जागी लॉनी उभा राहायचा, म्हणून सगळ्यात जास्त रजा त्याच्याच नावावर साठली होती. त्याचा चांगुलपणाच त्याला भोवला.

ऑगस्टमध्ये चीफ नाही म्हणाला. सप्टेंबरात नाही. ऑक्टोबरात तर चीफनं अर्ज वाचलाही नाही.

नोव्हेंबरात लोरेटाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आणि एका सकाळी चीफ हसत हसत आला.

"लॉनी, उद्यापासून दोन आठवडे रजा. घ्यावीच लागेल."

कारण साधं होतं. कायद्यानं चारशे ऐंशी तासांच्या वर रजा साठवता येत नाही, पुढच्या जादा कामाचे रोख पैसे मोजावे लागतात. लॉनी चारशे शहात्तरवर पोचला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चार महिने माणसं नव्हती ना? आता कुठून उगवली, चीफ? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"राहू दे, डेल," लॉनी म्हणाला आणि त्यानं सही केली.

तो परत आल्यावर मी त्याला विचारलं, समुद्रावर गेला होतास का?

"गेलो. गुडघाभर पाण्यात तासभर उभी होती. मला म्हणाली, सांग काय काय दिसतंय." तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. "पाणी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही रे."