पिंपळपानाचं टोक

मित्रांनो, मी बिस्किटं कापायचा पत्र्याचा एक साचा आहे, पिंपळाच्या पानाचा. वय जेमतेम दोन महिने, पण जिवाला चैन म्हणून नाही. मला एकच घोर, माझ्या टोकाचा. पिंपळपानाचं ते लांब, बारीक टोक गेलं, तर पान कशाचंही म्हणावं.

कळमनुरीत कूलर बनवणाऱ्या नरसिंगरावांनी लेकीसाठी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून मला घडवलं. त्यांच्या ऐश्वर्याने बुद्धपौर्णिमेला विहारातल्या लेकरांना पन्नास बिस्किटं द्यायचा शब्द दिला होता. प्रत्येक पानावर तिला निळ्या साखरेच्या शिरा काढायच्या होत्या.

आमच्याकडे लोक पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर जातात आणि बिस्किटं भाजून आणतात. ऐश्वर्याही ग्यानबांच्या भट्टीवर गेली. मी कशी रेखीव पानं कापली! भट्टीतून मात्र ती फुगून, पसरून बाहेर आली.

"ही काय वांगी करून आणली व्हय?" तिची आई जनकाबाई हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. या वेळी जनकाबाई हसली नाही. "आता एकडाव बघ. न्हाई जमलं तर हा साचा भंगारात. तूप काय फुकट येतंय?"

तेव्हापासून भंगारवाल्याची हाक आली की मी खिळ्यावर थरथरायचो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा भट्टीवर. ऐश्वर्या पीठ मळत होती. ग्यानबांनी येता जाता एका डबीतून चिमूटभर काहीतरी त्यात टाकलं. तिने ते पाहिलं.

"मामा, काय टाकून राहिले तुमी?"

"सोडा. फुलल्याबिगर ते बिस्किट कसलं? तुझ्यात पयल्यापासून टाकून राहिलो, पोरी."

आता ग्यानबांच्या या मायेला काय म्हणावं? साऱ्या गिऱ्हाइकांना फुललेलं हवं असतं. फुलू नये असं मागणारी आमचीच एक.

ऐश्वर्याने बिनसोड्याचं पीठ नव्याने मळलं. पण वैशाखाचं ऊन! पीठ इतकं सैल पडलं की टोक माझ्यातच चिकटून राहिलं. मग तिने लाटलेल्या पोळीचा ट्रे उचलला आणि शेजारच्या गारीगारच्या कारखान्यात शिरली.

"थावराकाका, अर्धा घंटा बर्फाच्या पेटीत ठेवू द्या."

अर्धा घंटा! तिकडे पीठ गारव्यात विसावलं, इकडे मी ओट्यावर तळमळत होतो. मग गार पोळीवर माझी धार पडली, पानं सुटसुटीत निघाली आणि थेट भट्टीत गेली. मला तर बघवेना.

ग्यानबांनी ट्रे ओढला आणि तोंड वाकडं केलं. "एक बी फुललं न्हाई."

"तेच तर पाह्यजे होतं, मामा!" ऐश्वर्या अक्षरशः नाचली. पन्नास पानं, पन्नास टोकं.

दुसऱ्या दिवशी तिने मलाही पिशवीतून विहारात नेलं. निळ्या शिरांची पानं जनकाबाई स्वतः वाटत होती. लेकरांनी खाऊन फन्ना उडवला. चिमुकल्या मिनाने मात्र आपलं बिस्किट रुमालात ठेवलं.

"काहून खाईना गं?" जनकाबाईने विचारलं.

"माय हळद शिजवायच्या कामाला गेली. तिला पिंपळाचं पान दाखवते, मंग खाते."

पान कशाचं, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. जनकाबाईने मला पिशवीतून काढलं आणि पदराने लख्ख पुसलं.

मित्रांनो, मळलेल्या पिठाला विसावा देत जा आणि आम्हा पत्र्याच्या वस्तूंना ओलं टाकू नका, एवढंच मागणं. बाकी मला बोलायला सवड नाही, पुन्हा टोकाचा घोर लागलाय. मिनाची माय दिवस मावळल्यावर येणार, आणि पोरगी तो रुमाल हातात धरून उड्या मारून राहिली आहे.