स्टेजवर सहाच जण

रुदिना माझ्या बहिणीची मुलगी. दर वर्षी राजधानीत, तिरानात, टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा होते आणि जिंकलेलं गाणं देशाच्या नावानं युरोपच्या मोठ्या स्पर्धेला जातं. यंदा शेवटच्या फेरीत रुदिनाचं गाणं पोचलं होतं, तेही आमच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या रीतीचं. एक जण गातो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि बाकीचे खाली एकच सूर धरून ठेवतात. या सूर धरणाऱ्यांना कुणी विचारत नाही. पण तो सूर तुटला की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते, म्हणून आम्ही श्वाससुद्धा आळीपाळीनं घेतो. मिसरूड फुटल्यापासून मी हेच करत आलोय आणि रुदिनाच्या मागं उभं राहायला मिळावं यापलीकडे मला काही नको होतं.

तिरानात पोचल्यावर टीव्हीवाल्यांनी नियम पुढं केला. मोठ्या स्पर्धेत स्टेजवर सहाच जण चालतात, म्हणून इथंही सहाच. रुदिना धरून आम्ही होतो सात. सातही जण नसतील तर मी गातच नाही, म्हणून रुदिना हटून बसली. हट्टीपणात थेट आईवर गेलीय. ती कुणालाच काढेना, तेव्हा मीच बाहेर पडलो. आता दम पुरत नाही, असं सांगितलं. साफ खोटं. दम पुरत नाही तो आमच्यातल्या बार्धोशचा, नुसतं धुराडं आहे तो. पण त्याच्या बायकोनं अख्ख्या गावाला टीव्हीसमोर जेवायला बोलावलं होतं, त्याला कसा काढणार? मी आपला कुढत बसलो.

शेवटच्या फेरीला मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. कानाला यंत्र लावलेली टीव्हीवाल्यांची एक मुलगी येऊन बजावून गेली, दिवा लागला की टाळ्या, एरवी गप्प बसायचं. या वयात मला कुणी शाळेत घालेल असं वाटलं नव्हतं.

गाणं छान चाललं होतं. रुदिना आवाज वर वर नेत सगळ्यात उंच जागी पोचली आणि नेमका तिथंच बार्धोशला खोकला आला. बाकीच्यांतले काही श्वासाला थांबलेले, उरलेले दचकले. सूर तुटला. रुदिनाचे डोळे मला दिसले. मी काही ठरवलंबिरवलं नाही. आमच्याकडे लग्नात जेवणाच्या टेबलाशी कुणी गायला लागलं की बसलेल्या प्रत्येकानं सूर धरायचा असतो. गप्प राहणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. माझं तोंड आपोआप उघडलं. शेजारी पर्मेतकडचा एक अनोळखी गृहस्थ होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोही सूर धरायला लागला. मग मागची रांग, मग सभागृहातले दक्षिणेकडून आलेले झाडून सगळे. त्या सुरावर उभी राहून रुदिना असं गायली की माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या गृहस्थाचं नावही मी विचारलं नाही, पण त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गाणं संपताच दुसऱ्या एका गाण्याच्या संगीतकारानं तक्रार केली. नियम मोडला, सहाच्या जागी निम्मं सभागृह गायलं, हे गाणं बाद करा. परीक्षकांनी रुदिनाला आत बोलावलं, तसा मीही मागोमाग जाऊन दाराशी उभा राहिलो. पोरीच्या तोंडचा घास मीच काढला, असं वाटत होतं.

परीक्षकांतल्या बाईंनी विचारलं, "किती जण गायलात तुम्ही?"

"सहा."

"आणि खाली बसलेले?"

"ते ऐकत होते," रुदिना म्हणाली. "आमच्याकडे असंच ऐकतात."

कोपऱ्यातले म्हातारे परीक्षक वलोराचे, म्हणजे आमच्याच दक्षिणेकडचे. त्यांनी मान खाली घातली आणि खांदे हलेपर्यंत हसले. आपणही थोडं ऐकलं होतं, असं त्यांनी कबूल केलं. परीक्षकांनी तक्रार फेटाळली. गाणं राहिलं आणि मतं मोजल्यावर जिंकलंही.

कॅमेरे सोडून रुदिना सरळ माझ्याकडे आली. कॅमेरे सोडून कशाला आलीस, म्हणून मी तिला आधी रागावलो. ती माझ्या कोटाची कॉलर नीट करत राहिली.

"मामा, तिकडे परदेशात खाली बसलेल्यांत आपलं कोण असणार?"

"अगं, सहाच जण चालतात ना?"

"गायला नाही म्हणत मी. तू ऐकायला ये."