कॉफीच्या डब्यातली हाल्वरची चिठ्ठी

अर्विड लिंडने साठ सालच्या जुलैत मारलेला चेंडू अजून खाली आलेला नाही. निदान मिल्टनच्या हार्डवेअरच्या दुकानात तरी हे सगळ्यांना मान्य होतं. चेंडू धान्याच्या कोठारावरून गेला, ढगात शिरला, आणि अधूनमधून कॅनडातला एखादा शेतकरी अर्विडला पत्र टाकून कळवतो की परवा इकडून गेला, वेग चांगला होता. शेगडीभोवती बसणाऱ्यांना हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. फक्त हाल्वर ब्रेक्के रोज टोपी काढता काढता विचारायचा, "काय, चेंडूची काय खबर?" आणि अर्विड काहीतरी ताजं सांगायचा. पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं. मग डिसेंबरच्या नऊ तारखेला हाल्वर गेला.

मिनेसोटाच्या उत्तरेला ऑक्टोबरात बेसबॉलचा शेवटचा सामना संपला की माणसाकडे साडेतीन महिने फक्त बर्फ आणि वाद उरतात. चेंडू फेकणारा कोणता पिचर विकला जाणार, कोणाचा खांदा बरा होणार, मागे बसून चेंडू झेलणारा, गुडघे गेलेला कॅचर अजून एक वर्ष ओढणार का. हे वाद हवेत विरून जाऊ नयेत म्हणून मिल्टनच्या बापाने एक रीत घालून दिली होती. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने येत्या मोसमाबद्दल आपलं भाकीत लिहायचं, घडी घालून वर नाव टाकायचं आणि चिठ्ठी कॉफीच्या रिकाम्या डब्यात सोडायची. डब्याला चिकटपट्टी. फेब्रुवारीत ज्या दिवशी पिचर आणि कॅचर फ्लोरिडात सरावाला हजर होतात, त्या सकाळी दहा वाजता डबा उघडायचा, चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या आणि शेगडीमागच्या भिंतीवर ठोकायच्या. पुढे ऑक्टोबरपर्यंत ज्याची त्याची अक्कल तिथे टांगलेली.

यंदा ऑक्टोबरात चिठ्ठ्या लिहिताना हाल्वर अर्विडच्या शेजारीच बसला होता. हात थरथरत होते. पेन्सिल कागदाजवळ नेली, बराच वेळ धरून ठेवली, आणि कोटाच्या खिशात परत घातली. कोऱ्या कागदाची घडी घालून ती अर्विडकडे सरकवली.

"नाव तेवढं तू टाक."

"आणि आत?"

"यंदा मला काही दिसत नाही रे," हाल्वर म्हणाला, आणि हसला.

अर्विडने नाव टाकलं आणि चिठ्ठी डब्यात सोडली.

अंत्यसंस्कारानंतर चर्चच्या तळघरात पातळ कॉफी आणि हॅमचे सँडविच चालले होते. तिथे हाल्वरची बायको सोल्वेग अर्विडसमोर येऊन उभी राहिली.

"ऑक्टोबरात त्याने चिठ्ठीत काय लिहिलं? त्यानंतर त्याच्या हातून सहीसुद्धा झाली नाही. शेवटचं काय लिहिलंय, एवढंच मला कळायला हवं."

जन्मभराच्या थापांच्या सवयीचं तोंड ते. आवरायच्या आत उघडलं.

"भरपूर लिहिलंय! कागदाच्या दोन्ही बाजूंनी."

"काय?"

"डबा उघडेपर्यंत सांगत नसतात. रीत आहे."

त्यानंतर सोल्वेग दर गुरुवारी दुकानात यायला लागली. आयुष्यात कधी शेगडीजवळ न बसलेली बाई. कधी बल्ब न्यायची, कधी उंदराचा सापळा. "किती दिवस राहिले?" असं मिल्टनला विचारायची, मग अर्विडकडे वळायची. आणि तो तिला थोडं थोडं द्यायचा. एका गुरुवारी चिठ्ठीत डावखुऱ्या पिचरबद्दल बरंच काही निघालं. पुढच्या गुरुवारी तळ्यात हाल्वरच्या हातून सुटलेल्या मोठ्या माशाचा उल्लेख आला. तिसऱ्या गुरुवारी खुद्द सोल्वेगचा.

"ती चिठ्ठी आहे की टेलिफोनचं पुस्तक?" डेल्बर्ट म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. कागदाचं वजन त्याला कळायचं.

अर्विडची झोप उडाली. जानेवारीच्या शेवटी त्याने हाल्वरचं जुनं नाताळचं कार्ड काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षर गिरवायला बसला. अक्षर जमलं. पण काय लिहायचं? ज्याने एक चेंडू साठ सालापासून हवेत ठेवला, त्याला हाल्वरच्या तोंडची एक ओळ सुचेना. दहा कागद फाडल्यावर त्याने लिहिलं, 'यंदा आपणच जिंकू. सोल्वेग, माझा रेडिओ काढून टाकू नकोस.' तशीच घडी घातली, वर तसंच नाव टाकलं आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

डबा उघडायच्या दिवशी बाहेर उणे अठ्ठावीस होतं. फ्लोरिडात मुलं अर्ध्या बाह्यांत चेंडू फेकत असतील, असं मिल्टन दोनदा म्हणाला. सोल्वेगने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. ती हाल्वरच्या खुर्चीत बसली.

मिल्टनने पट्टी कापली. डेल्बर्टने आपलं भाकीत वाचलं, नव्वद सामने जिंकणार.

"हेच गेल्या वर्षी होतं," मिल्टन म्हणाला.

"गेल्या वर्षी संघाने ऐकलं नाही, माझा काय दोष?"

मग हाल्वरची चिठ्ठी आली. मिल्टनने ती वाचायला अर्विडच्या हातात दिली. पत्त्यांत आयुष्यभर हातचलाखी केलेली बोटं. खिशातली चिठ्ठी बाहेर आणि हातातली आत, कोणाच्या बापाला कळलं नसतं. अर्विडचा हात खिशापर्यंत गेलाही. तेवढ्यात त्याने सोल्वेगकडे पाहिलं. ती मांडीवर दोन्ही हात ठेवून, चर्चमध्ये बसतात तशी बसली होती.

त्याने हातातलीच उघडली.

"कोरी आहे."

"अर्विड, आज नको," मिल्टन हळूच म्हणाला.

"आजच्या दिवशी तरी थापा मारू नकोस रे!" डेल्बर्ट चिडला. "वाच सरळ."

"अरे, कोरी आहे! दोन्ही बाजूंनी कोरी आहे." त्याने कागद उलटा करून दाखवला. "मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. सोल्वेग, मी तुला खोटं सांगितलं."

सोल्वेगने पर्समधून एक पिवळी पेन्सिल काढली. टोक सुईसारखं होतं.

"त्या सकाळी मीच चाकूने टोक काढून दिलं होतं. संध्याकाळी त्याच्या कोटातून अशीच परत आली. वाटलं, कोणाची तरी मागून घेतली असेल. म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास 'दोन्ही बाजूंनी', तेव्हाच कळलं की एक अक्षरही नाही."

"मग दर गुरुवारी कशाला येत होतीस?"

तिने पेन्सिल पर्समध्ये परत ठेवली.

"शुक्रवार ते बुधवार कसेतरी ढकलायचे. गुरुवारी हाल्वर काहीतरी नवीन लिहायचा." मग म्हणाली, "आता डबा उघडला. पुढच्या गुरुवारी मी काय करू, सांग."

अर्विड उठला, मिल्टनच्या गल्ल्याजवळून हातोडी घेतली आणि कोरा कागद सगळ्या चिठ्ठ्यांच्या मधोमध ठोकला. खिशातला कागद शेगडीत टाकला. तो लगेच पेटला.

तो परत बसला तेव्हा सोल्वेगने खुर्ची शेगडीकडे ओढून घेतली होती आणि डोक्यावरची लोकरी टोपी काढत होती.

"काय अर्विड," ती म्हणाली, "चेंडूची काय खबर?"

डेल्बर्टने मान खाली घातली. मिल्टनने शेगडीत एक लाकूड सरकवलं. अर्विडने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"परवाच पत्र आलंय," तो म्हणाला. "मॅनिटोबाहून. बाई आहे, कोंबड्या पाळते. म्हणते, सकाळी अंगणात उभी होते..."