तांबडीचा उजवा डोळा

"डोकं धर तिचं नीट," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा वाटाड्यानं तांबडीच्या गालावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवली आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासमोर झपकन हात नेला. घोडीनं पापणी मिटली. मग ते वळसा घालून उजवीकडे आले. त्यांचा हात वर गेला त्याच क्षणी वाटाड्यानं पट्ट्याखालचे चार केस चिमटीत धरून ओढले. तांबडीनं मान झटकली आणि पापण्या फडफडवल्या.

"अरे वा, तिखट आहे की म्हातारी अजून!" डॉक्टर हसले.

"तिखट? साहेब, आमच्या घरात बायकोपेक्षा हिचाच धाक जास्त."

बोलायला तो बोलला खरा, पण सदरा पाठीला चिकटला होता. डॉक्टरांच्या पुढ्यात अजून पाच घोडी ताटकळत उभी होती. त्यांनी कागदावर सही ठोकली आणि पुढच्या घोड्याकडे वळले. वाटाड्याचा जीव भांड्यात पडला. आणखी एक वर्ष मिळालं.

डोंगरातली ती जंगलवाट तिघांची होती. चालणाऱ्यांची, घोड्यांची आणि सायकलवाल्यांची. पायथ्याशी तसा फलकच होता. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि दोघांनी मिळून घोड्याला. घोडा समोर आला की दरीच्या कडेला सरकून उभं राहायचं आणि तोंडानं काहीतरी बोलायचं. कारण वाटेच्या कडेला गुपचूप उभं असलेलं काहीही घोड्याला खायला टपलेलं जनावर वाटतं. आवाज आला की त्याला कळतं, अरे, हा तर माणूस. "काहीही बोला," वाटाड्या पाहुण्यांना सांगायचा, "सासूची उणीदुणी काढा, पण बोला."

तीस वर्षं तो या वाटेवर घोडी धरून चालत होता. खरं नाव त्याच्या बायकोच्याही तोंडात नव्हतं. ती "अहो" म्हणायची आणि बाकी सगळे वाटाड्या. वाटेवर चौदा घोड्यांना परवान्याचे नंबर होते, आणि नवे नंबर देणं वनखात्यानं केव्हाच बंद केलं होतं. तांबडीचा नंबर गेला की वाटाड्याही वाटेवरून गेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

तिचा उजवा डोळा दीड वर्षापूर्वी गेला. बाहेरून पाहाल तर काचेसारखा स्वच्छ, आतला दिवाच विझलेला. ती उजव्या बाजूच्या फांद्यांवर आपटायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग तो डावीकडे चालायचं सोडून तिच्या उजवीकडून चालू लागला, म्हणजे चढताना दरीच्या बाजूनं. कुणी समोरून आलं की हा आधीच हाकारा घालायचा, "बोला हो, बोला!" लोकांना वाटायचं, म्हातारा नियमाचा पक्का आहे.

त्या वाटेवर एकच माणूस असा होता की ज्याला बोलायची माफी होती. ती म्हणजे सिस्टर.

सिस्टर वरच्या वस्तीची नर्स. आठवड्यातून चार दिवस सायकलच्या मागे औषधांची पेटी बांधून ती वर जायची. चालत तीन तास, सायकलनं सव्वा तास. बाळंतिणी, म्हातारे, रक्तदाबवाले, सगळे तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असायचे. सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या बेलनं तांबडी एकदा बिचकली, तेव्हा वाटाड्याच तिला म्हणाला होता, "सिस्टर, तुम्ही बेल नका वाजवू. आणि धापा टाकत बोलायची पण गरज नाही. ती तुम्हाला लांबून बघून ओळखते. नुसत्या बाजूला उभ्या राहा."

"म्हणजे मी घरातलीच झाले की, मामा," सिस्टर म्हणाली होती.

डोळा गेल्यावर हे बदलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं, 'सिस्टर, आता आवाज देत जा.' पण ती विचारणार, का? आणि नर्सच ती, एका नजरेत ओळखणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता दीड वर्ष गेलं आणि वाटाड्याच्या तोंडातून ते वाक्य काही फुटलं नाही.

तपासणीनंतर तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, पुलाच्या वरच्या वळणावर ते घडलं. तांबडी चढ चढत होती; पाठीवर एक सुटीला आलेले गृहस्थ होते. त्यांची टोपी उडाली. "अहो, माझी टोपी!" ते ओरडले, म्हणून वाटाड्या घोडीला सोडून चार पावलं मागे गेला. तेवढ्यात वस्तीवरचं काम लवकर आटोपून सिस्टर वरून उतरत आली. घोडी दिसताच ती सायकलवरून उतरली, दरीच्या कडेला अंग चोरून उभी राहिली आणि नेहमीसारखी नुसती हसली.

तांबडीला ती दिसलीच नाही; घोडी तशीच पुढे चालत राहिली. सायकलचं हँडल तिच्या उजव्या कुशीला घासलं मात्र, घोडी अंगावर वीज पडावी तशी उडाली. मागचा भाग फिरला आणि त्याचा धक्का सिस्टरला बसला. सायकल, पेटी आणि सिस्टर, तिन्ही उतारावरून गडगडत खाली गेली. गृहस्थ खोगिराला मिठी मारून बसले होते, त्यांना खरचटलंही नाही. सिस्टरच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वाटाड्या खाली उतरला तेव्हा ती दात आवळून म्हणाली, "मामा, इन्सुलिनच्या बाटल्या बघा फुटल्या का."

दुपारी चौकीत वनरक्षकानं कागद पुढे ओढला.

"बेल वाजवली होती तिनं?"

"नाही."

"तोंडानं काही बोलली?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती.

"मी कधीपासून सांगतोय, पुलाच्या वर सायकली बंद करा म्हणून," वनरक्षक लिहिता लिहिता म्हणाला. "आता साहेबांना पटेल. एवढी शिकलेली बाई, फलक वाचता येत नाही? तू कर अंगठा... नाही, तुला सही येते ना?"

त्यानं सही केली.

घरी बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. डोळ्याचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"काय सांगितलंत?"

"जे विचारलं ते."

"आणि जे नाही विचारलं ते?"

"मग काय करू? उद्यापासून घरात बसू? हिला दारात बांधून दोघं तोंडं बघत बसू एकमेकांची?"

"मला नका ओरडू," ती शांतपणे म्हणाली. "मी काही तिला ढकललं नाही."

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. बायकांच्या वॉर्डात सिस्टर शेवटच्या खाटेवर होती, पाय वजन लावून वर टांगलेला. दुसऱ्यांना गोळ्या देणारी बाई स्वतः गोळ्यांच्या वाटीकडे तोंड वाकडं करून बघत होती.

"या मामा. घोडी बरी आहे ना? तिला लागलं नाही ना?"

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. "तिला काय धाड भरलीय," तो कसाबसा म्हणाला.

"गार्ड येऊन गेला सकाळी. म्हणाला, बेल नाही वाजवली, बोलला नाहीत, चूक तुमचीच. मी म्हटलं, असेल बाबा. लिहून दिलं मी. पण वरची वाट सायकलला बंद करतायत हो ते. तीन तास चालत कोण जाणार या पायानं? पाय जोडला तरी मला आता पहिल्यासारखं चालता यायचं नाही म्हणतात. सायकल तरी चालवता आली असती." तिचा आवाज चिरकला. "मीच बोलायला हवं होतं. एवढं काय जड होतं मला?"

वाटाड्या स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला.

"सिस्टर, तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

तिनं गोळ्यांची वाटी बाजूला सारली.

"दीड वर्ष झालं. डॉक्टरला फसवलं मी. गार्डलाही. तुमची काही चूक नाही. तुम्ही मी सांगितलं तसंच वागलात."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकायची थांबली. सिस्टर रडेल, शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "मी काय कुणाला सांगायला जाणार होते? रोज ओरडत आले असते. गाणी म्हणत आले असते." मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "घरातलीच झाले होते ना मी, मामा?"

तो उठून सरळ चौकीत गेला.

वनरक्षकानं आधी ऐकूनच घेतलं नाही. "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस? कागद वर गेलाय." मग डॉक्टरांना बोलावणं गेलं. यावेळी तांबडीचं डोकं दुसऱ्या माणसानं धरलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर हात नेला, पुन्हा नेला, अगदी पापणीजवळ नेला. घोडी शांत उभी होती. डॉक्टर वाटाड्याकडे न बघता म्हणाले, "मला गाढव बनवलंस." त्यांनी स्वतःच्या हातानं पट्ट्यावरचा नंबरचा पत्रा सोडवला. सायकलींवरची बंदी मागे घेतली गेली. वाटाड्याला मात्र पुन्हा कधीही घोडा धरायचा नाही, असं लेखी मिळालं.

तांबडीला कुणाच्या दावणीला द्यायचं नाही, एवढं त्यानं आणि बायकोनं न बोलताच ठरवून टाकलं.

पुढच्या सोमवारी तो पहाटे उठला. दवाखान्यातून सिस्टरची औषधांची पेटी त्यानं आदल्या दिवशीच मागून आणली होती. कुणाला कुठली गोळी, याची चिठ्ठी आत होती. सिस्टरनं ती लिहून दिली, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. बायकोनं पेटीला दोन पट्टे शिवून दिले.

"झेपेल का? तीन तासांचा चढ आहे."

"बघू."

अंगणात तांबडी दावं पुरेल तेवढी पुढे येऊन उभी होती. रोजच्या वेळेला तिनं पाठ ताणली, मान खाली घातली आणि खोगिराची वाट पाहू लागली.

वाटाड्याला तिच्यासमोरून जाववेना. पेटी पाठीला लावून, चपला हातात घेऊन, तो तिच्या उजव्या बाजूनं भिंतीला धरून पाय न वाजवता निघाला. फाटकाबाहेर आल्यावर त्यानं वळून पाहिलं. तिची मान अजून खालीच होती. कान मात्र दोन्ही त्याच्याकडे वळलेले होते.